हकीकत खासे योपसाहेबांचे मौनाची

श्रीसमस्त तेगल केपुह आळीचे सभेचे पायाशी सभेचा कारकून मादे लांद्रा याची हात जोडून अर्जी ऐसीजे. गेले न्येपीचे, म्हणजे मौनाचे, दिवशी श्वानप्रकरणी जो दंगा जाहला, त्याची हकीकत लोक कॉफीचे दुकानी मनास येईल तैसी सांगतात, कोणी म्हणतो कुत्रे वासराएवढे होते, कोणी म्हणतो कुत्रे नव्हतेच, कोणी भूत होते, आणि ऐकणारे त्यात आपले पदरचे घालून पुढे धाडितात, सबब खरे काय ते साद्यंत लिहून ठेवावे ऐसी आज्ञा जाहली. आज्ञा शिरसावंद्य मानून लिहितो. प्रकरणातील एक पक्ष बू वार्सिकी, म्हणजे वार्सिकीबाई, यांनी सेवक लिहिण्यास बसण्यापूर्वी तळलेल्या केळ्यांचे ताट सेवकाचे घरी पाठविले, ते सेवकाने साफ केले, परंतु लेखणीत भीड येऊ दिली नाही.

तर प्रारंभ ऐसा. हार्म फेल्दकाम्प नामे कोणी वलंदेज, ज्यांस हल्ली डच म्हणतात त्यांपैकी, वयाने उतार, अंगाने ताडमाड, नाकाने लाल, ऐसा आमचे बाली मुलखी येऊन दाखल जाहला. पूर्वी वलंदेजांनी तोफा-जहाजे आणून हा मुलूख घेतला, हा एकटाच आला आणि दोन खोल्यांचे घर भाड्याने घेतले. आपले देशी तो कालव्यावरील उचलत्या पुलाचे चाकरीस होता. जहाज आले की पूल वर करणे आणि गेले की खाली करणे, ऐसा सारा जन्म काढिला, त्यामुळे दुनियेतील हरएक गोष्ट इशारत मिळताच व्हावी आणि इशारतीवाचून होऊ नये, ही खोड हाडी मुरली होती. कबिला निवर्तला, लेकरू नाही, मग उन्हाचे देशी उरले दिवस काढावे या मनसुब्याने आला. लोक त्यास आदराने पाक हार्म, म्हणजे हार्मबाबा, म्हणू लागले आणि तोही वाटेत भेटेल त्यास हात जोडू लागला, खांबासही एकदा जोडिले. येथवर सर्व सलोखा होता.

परंतु भिंतीपलीकडे बू वार्सिकी यांचे ठाणे. बाई सडपातळ, कंबर कसलेली, गळा ऐसा की बाजारात कोथिंबिरीचा भाव विचारिला तर देवळातील पुजारी दचकावा. त्यांचे यजमान पाक रेंदा, स्वभावे थंड, बायकोपुढे निःशस्त्र, मात्र झुंजीचे कोंबडे बाळगण्यात मातबर. भिंतीलगत वेताच्या टोपल्या मांडून त्यांत एकेक नामजाद कोंबडा ठेविलेला, आणि पहाट होण्याचे पुष्कळ आधी ही सारी फौज एकसमयावच्छेदेकरून आरोळी ठोकी. पाक हार्म आल्यावर थोडक्याच दिवसांत डोळे तांबारलेले घेऊन सभेत आला आणि नम्रतेने विचारू लागला.

"तेवढं रात्रीपुरतं कोंबड्यांना आत ठेवता येईल का?"

"आत म्हणजे कुठे?" पाक रेंदा म्हणाले. "आमच्या गादीवर? आणि आम्ही टोपलीत झोपू?"

सभा खदखदून हसली, पाक हार्मही हसला, कारण त्यास वाटले की विनंती मान्य जाहली. परंतु बू वार्सिकी हसल्या नाहीत. परक्याने येऊन घरच्या कोंबड्यास नाव ठेवावे, हा घाव त्यांनी मनात जतन करून ठेविला.

मग पाक हार्म यांनी प्रत्युत्तरादाखल म्हणा, एकटेपणाचे कंटाळ्याने म्हणा, डोंगराकडील किंतामणी जातीचे एक पांढरे झुबकेदार पिल्लू आणिले आणि त्याचे नाव योप ठेविले. हेच खासे योपसाहेब. थोडक्याच महिन्यांत अंग भरले, शेपूट चवरीसारखे फुलले, आणि कंठ फुटला तो ऐसा की कोंबड्यांचे फौजेस जबाब देण्यास तोच एक पुरे. पहाटे कोंबडे आरवत, त्यावर योपसाहेब भुंकत, त्यावर कोंबडे आणखी आरवत, आणि हा सवाल-जबाब सूर्य वर येईतो चाले. पुढे योपसाहेबांनी राज्यविस्तार केला. फुलांचे नैवेद्याचे द्रोण घेऊन दारी आलेल्या बायांवर भुंकले, लग्नाचे वरातीवर भुंकले, पुजाऱ्याचे छत्रीवर भुंकले, आणि रात्री दमले-भागले जीव पाक हार्म यांचे पलंगावर, गार हवेचे यंत्राखाली, उशीवर डोके ठेवून झोपी गेले. आमचे मुलखी कुत्री घरोघर आहेत, परंतु ती रस्त्याची, दाराची, आपापले तोंड आपण भरणारी, उशीवर झोपणारा कुत्रा कोणी पाहिला नव्हता. लोक मुद्दाम खिडकीतून डोकावून पाहून जात.

तशात एके दिवशी योपसाहेबांनी भिंत उल्लंघून पाक रेंदांचे गोटावर छापा घातला, आणि सर्व कोंबड्यांत जो शिरोमणी, ज्याचे पंख बेटाचे अर्ध्या झुंजारांनी हात लावून पाहिले, त्याचे शेपटीचा तुरा मुखी धरून विजयी मुद्रेने परतले, आणि तो तुरा नजराणा म्हणून पाक हार्म यांचे पायावर ठेविला. कोंबड्याचा जीव वाचला, परंतु अब्रू गेली. त्या दिवसापासून तो वीर अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचे मागे लपून बसे आणि झुंजीस उभा केला तर बूड टेकी. हे पाहून बू वार्सिकी यांनी कमरेचा पट्टा घट्ट आवळिला आणि तडक सभेत दाखल जाहल्या.

सभा भरली. आळीचे प्रमुख पाक गेदे सुवीर्य मधोमध बसले, ते शांत, पोटाने गोल, आणि कोणताही तंटा जेवणाचे वेळेपूर्वी मिटवावा या मताचे. त्यांनी फर्माविले की, पाक हार्म यांनी कुत्रा इतर कुत्र्यांप्रमाणे रस्त्यावर सोडावा, चार कुत्र्यांत राहून शहाणा होईल.

पाक हार्म उभे राहिले आणि नाक आणखी लाल जाहले.

"रस्त्यावर? योपला? तो कुत्रा नाहीये हो. माझा मुलगा आहे तो. माझ्या ताटात जेवतो. माझ्या वडिलांचं नाव दिलंय त्याला."

सभेत चुळबुळ जाहली. बापाचे नाव कुत्र्यास देणारा पुत्र आमचे ऐकिवात नव्हता. परंतु बू वार्सिकी यांचे डोळे चमकले.

"मुलगा? सगळ्यांनी ऐकलं ना? मुलगा म्हणाले ते. मी नाही म्हटलं."

"ऐकलं," पाक सुवीर्य म्हणाले. "मग?"

"मग न्येपी आलीच आहे. मुलाला न्येपी लागू."

आता न्येपी म्हणजे नववर्षाचे मौन. त्या दिवशी विस्तव नाही, दिवा नाही, काम नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, आवाज नाही. साऱ्या बेटाने ऐसे निपचित पडावे की वरून जाणाऱ्या भुताखेतांस वाटावे येथे कोणी राहतच नाही, आणि त्यांनी पुढची वाट धरावी. हा कायदा माणसांस, जनावरांस नाही. कुत्रे भुंकले, कोंबडे आरवले, डुकरे ओरडली, तर देव रागावत नाहीत. परंतु पाक हार्म यांनी आपले तोंडाने त्यास माणसांत ओढिले, सबब कायदा चालू.

पाक सुवीर्य यांनी पुष्कळ वेळ पोटावर हात फिरविला. मग हुकूम जाहला की, पाक हार्म यांनी एक ठरवावे. कुत्रा म्हणतील तर रस्त्यावर सोडावा, मुलगा म्हणतील तर न्येपीभर त्याने आवाज करू नये, केल्यास आळीबाहेर काढावा.

"मुलगा," पाक हार्म म्हणाले.

"भुंकला तर जावं लागेल त्याला," पाक सुवीर्य म्हणाले. "नंतर रडू नका."

"तो गेला तर मीपण जाईन."

"तुम्हाला कोण जा म्हणतंय?"

"त्याच्याशिवाय राहून करू काय मी इथे? सकाळी कुणासाठी उठू?"

यावर सभेने माना खाली घातल्या. म्हातारा खरे बोलत होता, आणि खरे बोलणाऱ्याचे तोंडाकडे पाहवत नाही. बू वार्सिकी यांनीही घटकाभर चपलेकडे पाहिले. परंतु शब्द सुटला होता आणि माघार घेणे त्यांचे घराण्यात नव्हते.

मग उभय पक्षी तयारी सुरू जाहली. पाक हार्म यांनी खिडक्यांस रजया लाविल्या, दारास गाद्या टेकविल्या, आणि शहरात जाऊन वलंदेजी चीजचे मोठाले तांबडे गोळे आणून रसद भरिली. त्यांची मसलत ऐसी की, तोंडात चीज असता कोण भुंकेल? रोज दुपारी सरावही होई. पाक हार्म स्वतः कोंबड्यासारखे आरवत आणि योपसाहेबांचे तोंडात तुकडा घालीत. योपसाहेबांनी लवकरच ताडिले की आपला धनी आरवला की खावयास मिळते, आणि ते त्याचे तोंडाकडे टक लावून बसू लागले.

इकडे आळीचे तरुणांनी न्येपीचे आदले संध्याकाळी मिरवून जाळण्याचा राक्षस बांधावयास घेतला. दरसाल लांब जिभेची हडळ नाही तर सुळेवाला दैत्य करीत, या खेपेस त्यांनी बू वार्सिकी यांचे सूचनेवरून राक्षस केला तो पांढरा, झुबकेदार, लाल डोळ्यांचा, तोंडी कोंबडा धरिलेला. सारी आळी पदराआड हसत होती. संध्याकाळी ढोल, डबे, पातेली बडवीत तो राक्षस पाक हार्म यांचे दारावर आणिला, आता म्हातारा चिडेल ऐसे सर्वांचे मनी. पाक हार्म बाहेर आले, वर पाहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"माझा योप! अरे, केवढा मोठा केलात! किती सुंदर केलात रे!"

"पाक, हा राक्षस आहे," तरुणांचा म्होरक्या म्हणाला. "जाळायचाय याला."

"जाळा, जाळा, रीत आहे ती. पण आधी माझा फोटो काढा त्याच्यासोबत."

आणि त्यांनी तरुणांस आग्रहाने घरात नेऊन तव्यावरचे गोड धिरडे खाऊ घातले. राक्षस जळत होता तेव्हां ते टोपी काढून उभे राहिले. ज्यांनी तो टवाळीसाठी बांधिला, त्यांस धिरडे गिळवेना. म्होरक्या हळूच म्हणाला की पुढच्या वर्षी बू वार्सिकींचा करू. बू वार्सिकी मागेच उभ्या होत्या, त्यांनी त्याचा कान ऐसा पिळला की तोही ढोलासारखा वाजला.

येणेप्रमाणे न्येपीचा दिवस उगवला. रस्ता ओस, चूल थंड, आकाशात विमानही नाही. आळीचे रखवालदार चौकडीची लुंगी नेसून अनवाणी फिरत होते. देवाने त्या दिवशी कान लावून ऐकिले असते तर त्यास कळले असते की सारी आळी त्याचे चिंतन करीत नसून योपसाहेबांचे भुंकण्याची वाट पाहत आहे. जो तो भिंतीस कान लावून बसलेला. पाक रेंदा यांनी मेहुण्याशी बोटांचे इशाऱ्यांनी पैज लाविली, जुगारास मनाई असल्याने डोळे मिटून लाविली.

सकाळ गेली, योपसाहेब गप्प. घरात पाक हार्म जमिनीवर आडवे पडून, एक हात योपसाहेबांचे मानेवर ठेवून, दुसऱ्या हाताने चीजचे तुकडे भरवीत होते. कोंबडे आरवले, चीज. रखवालदार दारावरून गेले, चीज. मग बू वार्सिकी यांनी आपला तोफखाना पुढे आणिला. दुपारी त्यांनी तोच बेअब्रू जाहलेला कोंबडा टोपलीसुद्धा बांबूस बांधून भिंतीवर उचलून धरिला, आणि रजईचे फटीतून योपसाहेबांस दिसेल ऐसा हलविला. योपसाहेबांनी पाहिले, जांभई दिली, आणि दुसरीकडे तोंड फिरविले. पोट चीजने तट्ट जाहले होते आणि या स्थितीत त्यांस सिंह दाखविला असता तरी उठवले नसते. बू वार्सिकी यांनी फटीतून हे पाहिले, आणि बांबू खाली आला.

येथून लढाईस ऐसे वळण लागले की कोणाचे ध्यानी नव्हते. बू वार्सिकी ओसरीवर बसल्या. गुरकावणे नाही, नखांचा आवाज नाही, काही नाही. वर्षभर त्या या भुंकण्यास शिव्या देत उठल्या, शिव्या देत न्हाल्या, त्याचे तक्रारीवाचून त्यांचे जेवण पचत नसे, आणि आता ते नाही तर त्यांस कसनुसे वाटू लागले. कोंबडा पाहूनही जो उठत नाही, तो धडधाकट कसा असेल? म्हाताऱ्याने झोपेच्या गोळ्या तर नाही चारल्या? भुंकला तर घालवून देतील याच भीतीने चारल्या असतील, आणि ती भीती घातली कोणी? त्या उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. पाक रेंदांनी खुणेने विचारिले काय जाहले, त्यांनी खुणेने सांगितले मरा तिकडे. मग स्टूल आणून भिंतीस लाविले, वर चढल्या, आणि ज्या गळ्याने पुजारी दचकत, त्याच गळ्याने साऱ्या बेटाचे मौनात हाक मारिली.

"योप! ए योप्या! जिवंत आहेस ना रे मेल्या?"

तोवर घरातील चीज संपले होते. योपसाहेबांनी आपले नाव ऐकिले, गाद्या ढकलल्या, अंगणात आले, वर भिंतीवर ओळखीचा चेहरा पाहिला, आणि सकाळपासून साठविलेले सारे एकदम सोडिले. कोंबडे उठले, रस्त्याची कुत्री उठली, पलीकडचे गावची उठली, आणि डुकरांनी खालचा सूर धरिला. वरून जाणारी भुते त्या दिवशी काय समजली असतील ते तीच जाणोत. रखवालदार चवड्यांवर धावत आले आणि तोंडावर बोट ठेवून नाचू लागले. भिंतीवर बू वार्सिकी रडत होत्या आणि हसत होत्या, भिंतीखाली पाक हार्म योपसाहेबांचे गळ्यास मिठी घालून बसले होते, कारण ते हरले हे त्यांस कळले होते. त्या संध्याकाळी अंधारात त्यांनी चाचपडत आपली पेटी भरिली, आणि योपसाहेबांची उशी सर्वांत वर ठेविली.

दुसरे दिवशी रीतीप्रमाणे लोक एकमेकांचे घरी जाऊन वर्षाचे अपराधांची माफी मागतात. ती मागणे बाजूस राहून सारी आळी सभेत लोटली. पाक हार्म आले, धुतलेली लुंगी नेसून, योपसाहेबांस दोरीने बांधून. बू वार्सिकी कोणी विचारण्यापूर्वीच उभ्या राहिल्या.

"आधी मी बोलले. खोटं कशाला बोलू? मला वाटलं मेला तो. दंड करायचाय तो मला करा."

"दंड होईल," पाक सुवीर्य म्हणाले. "पुढच्या सणाला देवळाचा सगळा नैवेद्य तुमच्याकडे. आता मुलाचं बघू. मुलगा भुंकला. सगळ्यांनी ऐकलं."

"मी हाक मारली म्हणून भुंकला! वडीलधाऱ्यांनी हाक मारली तर ओ द्यायची नाही का पोराने?"

"बू वार्सिकी, बसा. तुम्ही कोणाच्या बाजूच्या आहात तेच कळेना."

बाई बसल्या. त्यांसही ते कळत नव्हते. पाक सुवीर्य यांनी पोटावर हात ठेविला, स्वयंपाकघराकडून वास येत होता, आणि मग त्यांनी सभेस सवाल केला.

"काल सकाळपासून दुपारपर्यंत ज्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही, त्यांनी हात वर करावा. देवाची शपथ आहे."

कोणाचाही हात वर जाहला नाही. पाक रेंदांचा अर्धा वर जाऊन मेहुण्याकडे पाहून खाली आला. सेवकानेही हात मांडीखाली ठेविला.

"माझाही नाही," पाक सुवीर्य म्हणाले. "मी फणसावरून बायकोशी भांडलो, कुजबुजत भांडलो, पण भांडलो. आता सांगा, या आळीत एवढा वेळ गप्प बसणारा माणूस कोणी पाहिलाय? मग जो बसला तो माणूस कसा? कुत्राच तो. आणि कुत्र्याला न्येपी लागू नाही. भुंकला तर भुंकला."

सभेने मान डोलविली, कारण युक्तिवादास तोड नव्हती आणि वास वाढत होता. पाक सुवीर्य यांनी पुढे फर्माविले की, कुत्रा आळीत राहील, आणि म्हातारे माणसाचा तो सोबती म्हणून त्यास रस्त्यावर सोडण्याची सक्तीही नाही. मात्र मुलगा हा शब्द पाक हार्म यांनी सभेत उच्चारिला, सबब तो त्यांनीच सभेत परत घ्यावा आणि कुत्रा म्हणावे.

पाक हार्म यांनी योपसाहेबांची दोरी मनगटास गुंडाळिली.

"नाही म्हटलं तर?"

"तर मुलगा. आणि मुलगा भुंकलाय, पाक."

"म्हणा हो!" मागून बू वार्सिकी ओरडल्या. "एक शब्द तर आहे! त्याला काय कळतंय?"

पाक हार्म यांनी योपसाहेबांकडे पाहिले. योपसाहेब त्यांचेच तोंडाकडे टक लावून बसले होते. मग तो ताडमाड म्हातारा सभेचे मधोमध गुडघ्यांवर बसला, दोन्ही तळव्यांनी योपसाहेबांचे दोन्ही कान झाकिले, आणि पुटपुटला.

"कुत्रा आहे."

"ऐकू आलं नाही," पाक सुवीर्य म्हणाले.

पाक हार्म यांनी कान आणखी घट्ट झाकिले आणि मोठ्याने म्हटले. सभेत कोणी हसले नाही. बू वार्सिकी यांनी कमरपट्ट्याचे शेवाने डोळे टिपिले आणि पाक रेंदांस उगाच दटाविले की, बघताय काय, सरबत आणा त्यांना.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. हार्म फेल्दकाम्प वलंदेज आळीत कायम जाहले, आणि खासे योपसाहेब कुत्रा या पदावर त्यांचे घरी, त्यांचे पलंगावर, कायम जाहले. घरी परतताना पाक हार्म साऱ्या वाटेने वाकून योपसाहेबांचे कानात काही सांगत होते आणि पुन्हा पुन्हा सांगत होते. ते वलंदेजी बोलीत असल्याकारणे सेवकास समजले नाही, सबब येथे लिहिले नाही. इतके ठाऊक, इतके लिहिले.